किती सुटतेत महिन्याला?

बीड जिल्ह्यात माणसाने काहीही नवे सुरू केले की लोक त्याला ‘हे काय आहे?’ असे विचारत नाहीत. ‘किती सुटतेत?’ असे विचारतात. शेळ्या पाळल्या, किती सुटतेत? शेततळे केले, किती सुटतेत? पोरगं पुण्याला लागलं, खर्च जाऊन किती सुटतेत? आमच्या ओळखीचे एक गृहस्थ विपश्यनेला जाऊन आले. दहा दिवस मौन पाळून ते गावात उतरले, आणि पहिल्याच चहाला कोणीतरी त्यांना हा प्रश्न विचारला. ते पुन्हा मौनात गेले.

पण या प्रश्नाला हसू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास ज्या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ज्यांचा आख्खा हंगाम मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात जातो, तिथे हिशेब ही करमणूक नसते. पैसा न देणाऱ्या कामाकडे इथली माणसे संशयाने पाहतात, ती अनुभवाने. अशा या जिल्ह्यात, खुद्द बीड शहरात, आमच्या दाजींनी निव्वळ हौस म्हणून सीएनसी मिलिंग मशीन घेतले. हौसेला मोल नसते म्हणतात. स्टेपर मोटरला असते, आणि ते जीएसटी धरून असते.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. बारावीच्या पोरांना बल, भ्रमण आणि जडत्व फळ्यावर शिकवता शिकवता या तिन्ही गोष्टी एकदा घरात हलताना पाहाव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. बजेट पंचवीस हजारांचे होते. ताईला सांगितलेले बजेट वीस हजारांचे होते. इंजिनिअरिंगमध्ये मापाला जी थोडी सूट ठेवतात तिला टॉलरन्स म्हणतात. दाजींनी ती मशीन यायच्या आधीच ठेवली होती.

सीएनसी म्हणजे काय, हे बीडकरांना समजावून सांगावे लागत नाही. प्लायवूड-हार्डवेअरच्या दुकानांच्या आसपास कुठे ना कुठे एखादे मोठे सीएनसी राउटर घरघरत असते. आठ बाय चार फुटांचा सबंध प्लाय त्याच्या टेबलावर मावतो. सागवानी दारावरचा गणपती, एमडीएफची जाळी, देव्हाऱ्यामागचा ॐ, टीव्हीमागची वेलबुट्टी हे सगळे त्याच्यातूनच निघते. नव्या कॉलनीत लागोपाठ दहा दारांवर हुबेहूब तोच गणपती दिसला तर तो दृष्टांत समजू नये. फाइल एकच असते.

दाजींना मात्र दारे कोरायची नव्हती. त्यांना मिलिंग करायचे होते. लेथवर जॉब फिरतो आणि टूल जागेवर असते; मिलिंगमध्ये टूल फिरते आणि जॉब टेबलाला क्लॅम्पने आवळलेला असतो. पूर्वी कारागीर हाताने चाके फिरवून टेबल पुढेमागे करी. ती चाके मोटरला जोडायची आणि मोटरला कॉम्प्युटरने आकडे सांगायचे, एवढेच सीएनसी. कल्पना मिशिगनच्या जॉन पार्सन्सची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण अचूक यावे म्हणून त्याने ते आकड्यांत मांडायला घेतले, आणि अमेरिकी हवाई दलाच्या पैशातून १९५२ साली एमआयटीत आकड्यांवर चालणारे मिलिंग मशीन जगाला दाखवले गेले. हुकूम द्यायला भोके पाडलेली कागदी पट्टी होती आणि तो समजून घ्यायला व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटे होती. पुढे १९५९ मध्ये अशा मशिनांसाठी बनवलेल्या संगणकीय भाषेचे प्रात्यक्षिक पत्रकारांना दाखवले, तेव्हा आलेल्यांच्या हाती आठवण म्हणून मशीनवर कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे ठेवला.

ही हकिगत दाजींनी ताईला मुद्दाम सांगितली. हवाई दलाचा पैसा, एमआयटीची अक्कल, आणि निघाला काय तर ॲशट्रे. तेव्हा आपणही पहिल्या महिन्यात फार अपेक्षा धरू नये, असा त्यांचा मुद्दा होता. ताई म्हणाली, “त्यांच्या घरी कुणी विचारलं नसंल, किती सुटतेत म्हणून.”

आता कारखान्यातले व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे मोठे मिलिंग मशीन, घ्यायचे तर वीस-पंचवीस लाखांच्या पुढे बोलणे सुरू होते. वर त्याला थ्री-फेज लागते. बीड जिल्ह्यातल्या बहुतेकांना थ्री-फेजची ओळख आहे ती शेतातल्या मोटरीमुळे, आणि ती कितीदा तरी रात्री येते, तीही विंचवाकाट्यातून चालत जाऊन चालू करावी लागते. जिन्याखालच्या खोलीत तिला बोलावणे शक्य नव्हते. म्हणून दाजींनी जगभरचे गरीब हौशी जे घेतात तेच घेतले. त्याला ३०१८ म्हणतात. टेबल तीस सेंटिमीटर लांब, अठरा सेंटिमीटर रुंद. म्हणजे लांबीला ए-फोर कागदाएवढे आणि रुंदीला त्याहूनही कमी. पंधरा ते वीस हजारांत सुटे भाग खोक्यात येतात आणि जोडणी आपण करायची असते. वजन सात-आठ किलो.

खोके उघडले तेव्हा गल्लीतला एक पोरगा हजर होता. आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे, सुटीवर घरी आला होता. त्याने मशीन एका हाताने उचलून पाहिले आणि अतिशय हळुवारपणे खाली ठेवले. “सर, आमच्याकडलं मशीन चार टनाचं हाय,” तो म्हणाला. दाजींनी त्याला एफ बरोबर एम-ए समजावले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पर सर, टूल वाजंल त्याचं काय?”

त्या पोराने एका वाक्यात या छंदाचा सगळा सिद्धांत सांगितला होता. टूल धातूला खाते तेव्हा धातूही टूलला ढकलतो. मशीन जड आणि कडक असेल तर ते ढकलणे पचवते. हलके असेल तर स्वतःच थरथरते, टूल वाजू लागते, आणि जॉबवर कापल्याच्या जागी कुरतडल्याच्या खुणा येतात. चार टन बिडाचे काम तेवढेच असते, हलायचे नाही. हा गुण विकत घ्यायला वीस लाख लागतात.

मग पंचवीस हजारांतल्या माणसाने काय करायचे? थोडे थोडे खायचे. कारखान्यात एका फेरीत दोन-तीन मिलिमीटर खोल जाणारे टूल इथे ॲल्युमिनियममध्ये मिलिमीटरचा दहावा हिस्सा जाते. पाच मिलिमीटरची पट्टी आरपार कापायची तर पन्नास फेऱ्या. टूल फिरवणारा स्पिंडल मिनिटाला दहा हजार फेरे घेतो, टूलला दोन धारा असतात, प्रत्येक धारेने दोन शतांश मिलिमीटर खायचे ठरवले तर टेबलाचा वेग येतो मिनिटाला चारशे मिलिमीटर. हा हिशेब मांडायला दाजींना फिजिक्सची पदवी पुरली. तो अमलात येताना शेजारी बसून राहायला मात्र वेगळा स्वभाव लागतो. तो बीडकरांकडे आहे. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या मार्गावर बीड शहरातून अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. इतकी वर्षे गाडीची वाट पाहिलेल्या माणसाला पन्नास फेऱ्यांचे काय कौतुक?

बजेटचे खरे स्वरूप नंतर कळते. मशीन हा या छंदातला सगळ्यांत स्वस्त भाग असतो. पुढे कटर लागतात. लाकडाचे वेगळे, ॲल्युमिनियमचे वेगळे, अक्षरांना टोकदार व्ही-बिट. कार्बाइडचा एक मिलिमीटरचा कटर मोडताना आवाजसुद्धा करत नाही. मशीन पुढचा अर्धा तास नुसतीच हवा कापत राहते आणि आपल्याला वाटते काम फार सुरेख चालले आहे. मग डिजिटल व्हर्निअर लागतो, क्लॅम्प लागतात, टेबल खराब होऊ नये म्हणून खाली एमडीएफचा बळीचा थर लागतो, डोळ्यांना गॉगल लागतो, भुसा ओढायला व्हॅक्यूम क्लीनर लागतो. व्हॅक्यूम क्लीनर दाजींनी ताईच्या वाढदिवसाला भेट म्हणून आणला. त्याचा पाइप पहिल्यापासून जिन्याखालीच आहे.

सॉफ्टवेअर मात्र फुकट. चित्र काढायला इंकस्केप, सुटे भाग आखायला फ्रीकॅड, आणि मशीनच्या डोक्यात जीआरबीएल. हे जीआरबीएल नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉगसरूड याने २००९ मध्ये लिहिले आणि जगाला वाटून टाकले. ते अर्दुइनोच्या ज्या चिपवर चालते तिची काम करायची स्मृती दोन किलोबाइट. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे येणारा सुप्रभातचा एक गुलाब तिच्यात मावणार नाही. तेवढ्या स्मृतीत ती चिप तीन मोटरींना एकाच वेळी नाचवून गोल वर्तुळ काढते. गुलाब पाठवणाऱ्या काकांना दाजींनी हे सांगितले. काकांनी विचारले, “नॉर्वेवाल्याला त्यात किती सुटले?” फुकट वाटले म्हटल्यावर काकांना नॉर्वेची काळजी वाटू लागली.

जोडणी झाली आणि दाजी एका आकड्यापाशी अडले. सगळ्या कटरांच्या दांड्याची जाडी ३.१७५ मिलिमीटर. तीन नाही, सव्वातीन नाही, ३.१७५. यामागे काही खोल कारण असावे म्हणून ते वही घेऊन बसले. तेवढ्यात स्वयंपाकघराचे कपाट दुरुस्त करायला आलेले आमचे सुतारमामा डोकावले. त्यांनी कटर बोटांत धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, “एक सूत हाय की हे.” इंचाचे आठ सूत. इंच २५.४ मिलिमीटरचा, त्याचा आठवा भाग ३.१७५. चीनमधून बीडला आलेल्या कटरची जात सुतारमामांनी नजरेने ओळखली होती.

त्या दिवसापासून मामा तांत्रिक सल्लागार झाले. त्यांनी आपला गुण्या आणून मशीनच्या खांबाला लावला आणि खांब काटकोनात नसल्याचे जाहीर केले. दाजी म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करता येईल. मामांनी कोल्ड्रिंकचा रिकामा डबा मागवला, कात्रीने त्याच्या पत्र्याची पट्टी कापली आणि खांबाच्या बुडाखाली सरकवली. तो पत्रा साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड असतो. गुण्या चपखल बसला. “आता टाका तुमचं सॉफ्टवेअर,” मामा म्हणाले.

स्क्रूमधली ढिलाई मात्र मामांनाही पूर्ण घालवता आली नाही. टेबल उजवीकडे जात असताना डावीकडे वळायचा हुकूम दिला की स्क्रू ताबडतोब फिरतो, टेबल मात्र क्षणभर जागेवरच असते. याला बॅकलॅश म्हणतात. आमच्या भाच्याला अभ्यासाला ऊठ म्हटले की तो ‘हो’ लगेच म्हणतो आणि हलत नाही, तोच हा प्रकार. मशीनला निदान स्प्रिंगवाला नट लावता येतो.

मशीन चालू झाल्याची बातमी गल्लीत पसरली, आणि माणसे पाहायला येऊ लागली. स्पिंडलचा आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतले एक जण पिठाची गिरणी सुरू झाली समजून डबा घेऊनच आले. प्रत्येकाची मागणी निराळी होती. “ह्याच्यावर नांगराचा फाळ निघंल का?” नाही. “बोअरच्या मोटरीचा इम्पेलर?” नाही. “सोन्यावर नाव?” निघेल, पण सोने तुमचे आणा. त्यावर तो माणूस परत आला नाही. एकाने दार लोटून घेऊन हळूच विचारले, “सर, गोल शिक्का निघंल का? साहेबाची सही नको, नुसता शिक्का.” दाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवले. आणि जाताना जिन्यापाशी वळून प्रत्येकजण विचारी, “बरं, किती सुटतेत महिन्याला?”

“रोज पाव किलो भुसा सुटतो,” दाजी सांगत.

कंकालेश्वराला रोज जाणाऱ्या एका आजोबांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. पाण्यात उभ्या असलेल्या त्या देवळाचे खांब कोणी कोरले? त्यांच्याकडे कुठे कॉम्प्युटर होता? दाजींनी मान्य केले की नव्हता. आजोबा म्हणाले, “मग?” या ‘मग’ला फिजिक्समध्ये उत्तर नाही. एवढे सांगता येईल की दगड असो की ॲल्युमिनियम, कोरणाऱ्याचे काम एकच असते, नको तेवढे काढून टाकायचे आणि हवे तिथे थांबायचे. थांबणे देवळाच्या कारागिरांना येत होते. ३०१८ ला ते आकड्यांत लिहून द्यावे लागते.

पहिले खरे गिऱ्हाईक आले ते निवडणुकीच्या हवेत. एका तरुण कार्यकर्त्याला घराच्या दारावर सागवानात कोरलेली पाटी हवी होती. मजकूर: नाव, खाली ‘भावी नगरसेवक’. इथे दाजींची गाठ देवनागरीशी पडली. इंग्रजी अक्षरे एकमेकांना न शिवता उभी असतात, त्यामुळे मशीनचे काम सोपे. आपल्या अक्षरांना वरून शिरोरेषा जोडते. कॉम्प्युटरच्या फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेषेचा तुकडा घेऊन येते आणि ते तुकडे एकमेकांवर थोडे चढतात. छपाईत शाईवर शाई पडते, कळतही नाही. मशीन मात्र कडेकडेने जाते. त्यामुळे जिथे तुकड्यावर तुकडा चढला तिथे ते इमानदारीने उभा काप घेते आणि शिरोरेषा जागोजागी चिरलेली निघते. उपाय इंकस्केपमध्ये आहे. अक्षरांचे आकृतीत रूपांतर करायचे आणि मग सगळ्या आकृत्या एकजीव करायच्या. फ्लेक्सवाल्याने दिलेली फाइल तर उघडूच नये. ती जुन्या डीटीपी फाँटमध्ये असते आणि तो फाँट आपल्याकडे नसला की ‘भावी’च्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि टक्का दिसतो. निवडणुकीच्या दृष्टीने मजकूर चुकत नाही, पण पाटीवर बरा दिसत नाही.

शिरोरेषा सुटली आणि मग सुतारमामांनी मूळ प्रश्न उपस्थित केला. “सर, फ्लेक्स महिन्यात फाटतो. सागवान पन्नास वर्सं टिकतंय. ह्यानं ‘भावी’ कोरलं तर हा पन्नास वर्सं भावीच राहील की.” कार्यकर्त्याचा चेहरा उतरला. मामांनीच तोडगा काढला. नाव आणि ‘नगरसेवक’ मूळ पाटीत कोरायचे. ‘भावी’ वेगळ्या छोट्या फळीवर कोरून दोन स्क्रूंनी बसवायचे. निवडून आला की स्क्रू काढायचे. मग त्याच मापाची ‘माजी’ची फळीही आत्ताच करून ठेवावी का, असे दाजींनी विचारले, कारण प्रोग्रॅम तोच होता आणि सागवानाचा तुकडाही उरत होता. कार्यकर्ता म्हणाला, नको. मामा म्हणाले, करून ठेवा.

‘भावी’चा ‘भा’ कोरून झाला आणि वीज गेली. ३०१८ चा स्वभाव त्या दिवशी कळला. मोटरींना वीज घरातल्या प्लगमधून मिळते, पण चिपला ती लॅपटॉपच्या यूएसबीतून मिळते, आणि लॅपटॉपला बॅटरी असते. त्यामुळे मशीन ठप्प उभे असताना चिप मात्र जागी होती आणि हुकमामागून हुकूम सोडत होती. पडद्यावर टूलचे चित्र ‘वी’ची वेलांटी ऐटीत काढत होते. शेवटी काम पूर्ण झाल्याचा संदेशही आला. लाकडावर फक्त ‘भा’. कागदावर पूर्ण झालेली कामे आमच्या जिल्ह्याला नवी नाहीत, म्हणून कोणाला धक्का बसला नाही. पण वीज आल्यावर खरी गोम कळते. चिपच्या मते टूल पाटीच्या शेवटाला आहे, खरे टूल ‘भा’ पाशी आहे, आणि दोघांचा शून्य, म्हणजे मोजणी सुरू होते तो बिंदू, कायमचा वेगळा झालेला असतो. शून्य पुन्हा घ्यावा लागतो. कागदाचा कपटा टूलखाली धरून टूल हळूहळू उतरवायचे आणि कपटा अडकला की थांबायचे. साधा कागद मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड, म्हणून हिशेब जमतो. घरात सापडते ती लग्नपत्रिका. ती त्याच्या कितीतरी पट जाड असते आणि पाटी तेवढ्याने फसते.

दिवाळी जवळ आली तेव्हा ताईने मशीनची परीक्षा घ्यायची ठरवली. सोऱ्याची चकलीची चकती झिजली होती. “तुमच्या मशीनवर काढून द्या,” ती म्हणाली. दाजी खूश झाले. तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी, मध्ये चांदणीचे भोक, एक मिलिमीटरचा कटर. आखणी झाली, तीस फेऱ्या झाल्या, चकती निघाली, व्हर्निअरने मोजली. माप अचूक. ताईने भाजणी भिजवली, सोऱ्या फिरवला, आणि कढईत सोडण्याआधीच निकाल दिला. “ही चकली नाही. ही कडबोळी हायेत.”

काटे नव्हते. चकलीचा काटा येतो तो चांदणीच्या टोकदार कोपऱ्यातून. आणि फिरणारा कटर गोल असतो. त्याला आतला कोपरा कधीही टोकदार काढता येत नाही. एक मिलिमीटरच्या कटरने प्रत्येक कोपऱ्यात अर्ध्या मिलिमीटरची गोलाई राहतेच. पंचवीस हजारांच्या मशीनवर राहते आणि पंचवीस लाखांच्याही मशीनवर राहते. कारखान्यात त्यासाठी वायरकट नावाचे निराळे मशीन असते. वाळूजच्या पोराने फोनवर हेच सांगितले. हे ऐकून दाजींचे बजेट मनातल्या मनात वाढत असतानाच सुतारमामांनी पिशवीतून तिकोनी कानस काढली. चकती शिकंज्यात धरली आणि चहा होईपर्यंत एकेक कोपरा घासून काढला. दुसऱ्या घाण्याला चकलीला असे काटे आले की भाच्याच्या टाळूला लागले.

गल्लीत बातमी गेली. आता चकतीसाठी बायका येऊ लागल्या, आणि पहिल्यांदाच जिन्याखाली उलटा प्रश्न ऐकू आला, “एका चकतीचे किती घेता?” दाजी हौशी माणूस, ते फुकट द्यायला निघाले होते. ताईने त्यांना बाजूला केले आणि दर ठरवला. एका चकतीला अर्धा किलो भाजणी. त्या दिवाळीत आमच्याकडे भाजणी ठेवायला डबे पुरले नाहीत. तेव्हापासून किती सुटतेत विचारणाऱ्याला ताई स्वतः पुढे होऊन किलोत उत्तर देते.

हे सगळे पाहून माझे मत झाले ते असे. कमी बजेटमध्ये मशीन लहान मिळते, शिकणे मात्र पूर्ण मिळते. चार टनी मशीन माणसाचा आळस पोटात घालते. सात किलोचे घालत नाही. क्लॅम्प सैल राहिला, वेग चुकला, शून्य सरकला, तर ते तिथल्या तिथे थरथरून सांगते. म्हणून सुरुवात करणाऱ्याने मोठ्या मशीनसाठी कर्ज काढू नये. लहान घ्यावे, आधी लाकूड, एमडीएफ आणि ॲक्रिलिक कापावे, हात बसला की ॲल्युमिनियमला लागावे, आणि लोखंडाच्या वाटेला जाऊ नये. निम्मे पैसे मशीनला आणि निम्मे कटर, क्लॅम्प, व्हर्निअर, इन्व्हर्टर यांना राखून ठेवावेत. गॉगल लावल्याशिवाय बटण दाबू नये; एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मास्क लावावा; गळ्यातला रुमाल आणि हातमोजे काढून ठेवावेत, फिरता स्पिंडल कापड आणि बोट यांत फरक करत नाही. गल्लीतला आयटीआयचा पोरगा आणि सुतारमामा या दोघांशी भांडू नये. एक तिकोनी कानस जवळ ठेवावी. आणि कोणी ‘भावी’ची पाटी करायला आला तर पैसे आधी घ्यावेत. निकाल लागल्यावर तो जिंकला तर ओळख देत नाही आणि हरला तर पाटी न्यायला येत नाही.